उकळू न दिलेल्या पाण्याची खिडकी

पाणी उकळू न देणं हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण सगळे ओट्यापाशी उभे राहून पाणी कधी उकळतंय याची वाट बघतो. हा गृहस्थ एकतीस वर्षं ते उकळू नये म्हणून उभा होता. तापमान तीनशे ऐंशी अंश, दाब समुद्रात अडीच किलोमीटर खोल गेल्यावर असतो तेवढा, आणि पाणी अर्धा चमचा. ते एका पोलादी डब्यात कोंडलेलं. उकळायचं मनात आणलं तरी वाफ व्हायला जागाच नाही, मग बिचारं करणार काय?

त्या डब्याला आम्ही सेल म्हणायचो. सेलला कोटाच्या बटणाएवढी एक खिडकी होती, नीलमाची. नीलम म्हटल्यावर निळा रंग डोळ्यांपुढे येतो, पण हा कारखान्यात बनवलेला, पाण्यासारखा स्वच्छ. साधी काच त्या गरम पाण्यापुढे दोन तासांत आंधळी होते, नीलम टिकतो. ती खिडकी पोलादात बसवायची, आणि बसवल्यावर एवढ्या दाबाखाली तिच्या कडेनं पाण्याचा कणसुद्धा बाहेर येऊ द्यायचा नाही, हे काम ज्यांचं ते आमचे खिडकीकाका. त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीतच राहायचं. एकदा कोणीतरी फोनवर त्या नावानं विचारलं तेव्हा काकांनी स्वतःच, "ते इथे नसतात," असं सांगून फोन ठेवला होता.

खिडकी कशासाठी? तर आत डोकावायला. खिडकीतून हिरवा लेसर पाण्यात सोडायचा. बहुतेक प्रकाश हिरवाच परत येतो, पण त्यातला अगदी थोडा रंग बदलून येतो. किती बदलला ते मोजलं की आतले रेणू कसे थरथरतायत ते कळतं. याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी हे काकांना समजावून सांगायला गेले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकतात तसं. एवढंच ना?" मी त्यावर पंधरा पानं लिहिली होती.

मी तिथे डॉक्टरेट करायला गेले होते. काकांची कार्यशाळा तळघरात. एक लेथ, एक लांब टेबल, कानशी लहानापासून मोठीपर्यंत शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत, आणि भिंतीवर टांगलेले नटबोल्टचे पाने. काका टेबलामागे स्टुलावर. अंगानं किरकोळ, डोक्यावर केस बेतास बात, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि या सगळ्याच्या मधोमध नाक. नाकाच्या बाबतीत मात्र देवानं हात आखडता घेतला नव्हता.

"नवीन का तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हात दाखव."

मला वाटलं, भविष्य बघतात की काय. त्यांनी माझा तळवा उजेडात धरला, बोटं चाचपली.

"क्रीम लावतेस?"

"थोडंसं. हिवाळ्यात."

"बंद. माझ्या सेलमध्ये तेलाचा थेंब जायचा नाही. अठ्ठावीस वर्षांत गेला नाही, तुझ्यासाठी जाणार नाही."

आणि हे खरंच होतं. सेलचा प्रत्येक भाग ते तीन वेळा धुवायचे, पुसलेला कागद नाकाशी धरून हुंगायचे, आणि समाधान झालं नाही तर चौथ्यांदा धुवायचे. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, नावाजलेल्या बाई. परदेशी पाहुणे त्यांच्याशी बोलताना उभे राहायचे. त्यांनाही काका सेलला हात लावण्यापूर्वी, "मॅडम, साबण तिकडे आहे," असं सांगायचे आणि मॅडम शाळेतल्या मुलीसारख्या हात धुवून यायच्या.

खिडकी बसवताना बघणं हा एक सोहळाच असायचा. आधी नीलम सपाट आहे का ते बघायचं. तो एका सपाट काचेवर ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरला की त्यात पट्टे दिसतात. पट्टे सरळ आले तर ठीक, वाकडे आले तर पुन्हा घासणं. मग मध्ये मऊ धातूची कडी, वर झाकण, आणि आठ बोल्ट. एक आवळला की समोरचा, मग त्याच्या काटकोनातला, प्रत्येकी पाव फेरा. काका बोल्टशी बोलायचे. "तू थांब, तुझ्या भावाला येऊ दे... हां, आता तू." आवळून झालं की तासभर सेलजवळ स्टूल टाकून बसायचे. "कडीला बसू दे जरा. नवीन घरात आलीय." आणि त्या तासात कोणी 'फुटेल' हा शब्द उच्चारायचा नाही. 'रुसेल' म्हणायचं.

माझ्या पहिल्या वर्षात सेल दोनदा रुसला. दोन्ही वेळा मी रडले आणि दोन्ही वेळा काकांनी मला चहा पाजून दहा दिवसांत पुन्हा उभा करून दिला. तिसऱ्यांदा रुसायची वाट न बघता त्यांनी सेलच नवा केला. जुन्यात तांब्याची जाड कडी असायची. नव्यात त्यांनी सोन्याची बसवली, केसासारखी बारीक. सोनं मऊ, ते दाबाखाली पसरून सगळ्या फटी भरतं आणि पाण्यानं गंजत नाही.

त्या सोन्यावरून काकूंनी त्यांना फार छळलं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं.

"ऐकलंस का," काकू मला म्हणाल्या, "हे दिवसभर सोनं आणि नीलम हाताळतात. माझ्या बहिणीला वाटतं, यांचं जवाहिऱ्याचं दुकान आहे. आणि मला लग्नाच्या वाढदिवसाला काय दिलं विचार."

"काय दिलं?"

"पाना."

"अगं, चांगला पाना होता," काका म्हणाले. "नळ गळत होता ना तुझा?"

जेवताना काकूंच्या चष्म्याची काडी निघाली. काकांनी खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, स्क्रू बोटाच्या टोकावर घेतला, सहज आपल्या नाकाच्या डाव्या बाजूवरून फिरवला आणि जागेवर नेऊन बसवला. स्क्रू बोटाला चिकटून गेला, पडला नाही.

"बघ, बघ," काकू म्हणाल्या. "सगळ्या घराला यांचं नाक लागलंय. बरण्यांची झाकणं, कपाटाची कुलपं, माझ्या पर्सची चेन. वंगण म्हणून दुसरं काही आणायलाच नको."

"घड्याळवाल्या उस्तादांनी शिकवलंय," काका अभिमानानं म्हणाले. शाळा सुटल्यावर, म्हणजे शाळेनं त्यांना सोडल्यावर, ते चार वर्षं एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे होते. "बारीक वस्तू पडू नये म्हणून नाकाला विचारायचं. नाक कधी नाही म्हणत नाही."

आम्ही हसलो. मीही हसले. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच शिरलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आता माझ्या कामाबद्दल. समुद्राच्या तळाशी गरम पाणी खडकातून वाहतं तिथे पाणी आणि दगड यांच्यातून, कोणाही जिवाच्या मदतीशिवाय, मिथेन वायू तयार होतो का, हे मला खिडकीतून बघायचं होतं. हिरव्या दगडाची पूड, थोडा कार्बन डायऑक्साइड, पाणी, उष्णता, दाब. मिथेन झाला तर आमच्या आलेखात एका ठरावीक जागी उंचवटा यायला हवा. ती जागा कार्बन आणि हायड्रोजनच्या जोडीची. शेजारीच पाण्याचा स्वतःचा मोठा डोंगर असतो. थंड पाण्यात तो रुंद आणि पसरट, कारण रेणू एकमेकांचे हात धरून असतात. गरम होत गेलं की हात सुटतात आणि डोंगर अरुंद होत एका बाजूला सरकतो. काकांना आलेखातलं बाकी काही कळत नाही असं ते म्हणायचे, पण डोंगराकडे बघून, "तीनशेच्या वर गेलं वाटतं, पाणी एकटं पडायला लागलं," असं ते अचूक सांगायचे.

नव्या सेलमध्ये चौथ्या प्रयोगाला, भर दुपारी अडीच वाजता, डोंगराच्या पायथ्याशी एक बारीक उंचवटा आला. थंड असताना तिथे सपाट होतं, हे मी स्वतः बघितलं होतं. तीनशेला किंचित फुगलं. साडेतीनशेला स्पष्ट. तीनशे ऐंशीला तर आंधळ्यालाही दिसावं. मी तो प्रयोग सात वेळा केला. सातही वेळा आला.

मॅडम सहसा 'बरं आहे' याच्यापुढे जात नाहीत. त्या दिवशी, "फार बरं आहे," म्हणाल्या. लेख लिहून झाला. शुक्रवारी पाठवायचा ठरला. माझ्या मुदतीचे सहा महिने उरले होते आणि हातात दुसरं काहीही नव्हतं. तो उंचवटा होता म्हणून माझी डॉक्टरेट होती.

काकांचीही मुदत संपत आली होती. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. सोमवारी ते वर आले आणि जरा लाजत म्हणाले, "तो आलेख मला मोठ्या कागदावर काढून देशील? घरी लावीन म्हणतो. शेवटच्या खिडकीतून काय दिसलं ते."

मी आनंदानं काढून दिला. ते चष्मा लावून बघत राहिले.

"हा डोंगर आपला पाण्याचा. आणि हे टेंगूळ?"

"तेच तर सगळं आहे, काका. कार्बन आणि हायड्रोजनची जोडी."

"ही जोडी मिथेनमध्येच असते?"

"नाही, पुष्कळ ठिकाणी असते. मेणात, तेलात, चरबीत..."

"तेलात," काका म्हणाले.

"हो. पण तुमच्या सेलमध्ये तेल कुठलं?"

 त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि ते खाली गेले. चहा तसाच राहिला. मला वाटलं, निवृत्तीचं मनाला लागलंय.

बुधवारी सकाळी मी आणि मॅडम लेखावरून शेवटचा हात फिरवत होतो, तर दारात काका. मागे काकू. काकूंनी प्रयोगशाळेत पाय ठेवायची ही पहिलीच वेळ.

"दोन दिवस नीट जेवले नाहीत हे," काकू सरळ मॅडमना म्हणाल्या. "विचारलं की नाक मुठीत धरून बसतात. खरोखर धरून. शेवटी म्हटलं, चला, मी येते बरोबर. अहो, सांगा."

काका टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "मॅडम, ती सोन्याची कडी. झाकणाच्या खोबणीत बसते. पण झाकण उलटं केलं की पडते. तांब्याची पडत नव्हती, जाड होती. ही पडते. मग मी... तिला नाकाला लावतो. जरा चिकटून राहते."

मॅडमनी लेखाची पानं बाजूला सारली. 

"एकतीस वर्षं सगळ्यांचे हात धुवून घेतले मी," काका म्हणाले. "ते तेल आहे हे डोक्यातच आलं नाही. नाक म्हणजे नाक. तेल म्हणजे बाटलीतलं."

मी मॅडमकडे बघत होते. मॅडमनी पेन बंद केलं.

"प्रत्येक वेळी लावता, काका?"

"प्रत्येक वेळी."

"कुठली बाजू?"

"डावी."

"नेहमी डावीच?"

"नेहमी. उजव्या हातात झाकण असतं ना."

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे निदान एकसारखं तरी आहे."

काकूंना हसू आलं आणि ते त्यांनी पदराआड लपवलं. मला मात्र तेव्हा आलं नाही.

"पण थंड असताना उंचवटा नव्हता," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा. "तेल असतं तर आधीपासून दिसलं असतं. आणि तेल पाण्यात मिसळतं का कधी?"

"थंड पाण्यात नाही मिसळत," मॅडम म्हणाल्या. "कडीपाशी, कोपऱ्यात पडून राहतं. लेसर मधोमध जातो, त्याला दिसत नाही. पण पाणी एवढं तापलं आणि दाबलं की त्याचा स्वभावच बदलतो. रेणूंनी एकमेकांचे हात सोडलेले असतात, मग ते तेलाला जवळ करतं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नुसत्या पाण्याची फेरी केली होतीस ना? दगडाशिवाय, कार्बनशिवाय?"

केली होती. जुन्या सेलमध्ये, तांब्याच्या कडीवर, दोन वर्षांपूर्वी. नव्या सेलमध्ये केली नव्हती. घाई होती, उंचवटा सुंदर होता, आणि सुंदर गोष्टीला कोणी ओळखपत्र विचारत नाही.

"चूक माझी आहे, काका," मी म्हटलं. हे बोलायला मला साधारण अर्धं मिनिट लागलं, आणि ते अर्धं मिनिट मला आजही आठवतं.

गुरुवारी आम्ही दोन फेऱ्या करायच्या ठरवल्या. पहिली, नुसतं पाणी आणि काकांचं नाक. काकांनी नेहमीसारखी कडी नाकाच्या डाव्या बाजूला लावली. सेल तापला. तीनशेला किंचित फुगवटा. साडेतीनशेला स्पष्ट. दगड नाही, कार्बन नाही, आणि माझा मिथेन समोर उभा, डावीकडच्या नाकपुडीशेजारून आलेला.

दुसरी फेरी, दगड आणि सगळं, पण नाक नाही. काकांनी आधी तोंड साबणानं दोनदा धुतलं, न जाणो, जवळपास असल्यानंच काही उडालं तर. मग कडी खोबणीत ठेवली, झाकण उलटं केलं. कडी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. सहाव्यांदा ती टेबलाखाली गेली आणि आम्ही तिघं, त्यात मॅडमही, गुडघ्यांवर बसून केसाएवढं सोनं शोधत होतो.

"काका," मॅडम टेबलाखालूनच म्हणाल्या, "झाकण उलटं करण्याऐवजी सेलच उलटा करून झाकणावर ठेवला तर?"

काका स्टुलावर बसले. 

"बसेल की," ते म्हणाले. "अगदी सहज बसेल."

"मग इतके दिवस का नाही सुचलं?"

"नाक होतं ना, मॅडम."

सेल उलटा करून बसवला. तापवला. तीनशे, साडेतीनशे, तीनशे ऐंशी. डोंगर सरकला, अरुंद झाला, आणि त्याचा पायथा आरशासारखा सपाट. शुक्रवारचा लेख गेला. म्हणजे, पाठवला गेला नाही.

संध्याकाळी मी तळघरात जाऊन बसले. काकांनी चहा पुढे केला.

"मी गप्प बसलो असतो तर?" ते म्हणाले. "मी तर महिनाअखेरीला जाणार. कोणाला कळलं असतं?"

"दुसऱ्या कोणी कुठेतरी प्रयोग करून पाहिला असता. त्याला दिसलं नसतं. मग त्यानं विचारलं असतं. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. तेव्हा मी कुठल्या तरी वर्गात मुलांना शिकवत असते आणि सगळ्यांसमोर..."

 त्यांनी मला रडू दिलं. ही तिसरी वेळ. मग कप पुसत म्हणाले, "एक विचारू? बाहेर तेल आणि पाणी एका भांड्यात भांडतात. आत मॅडम म्हणतात तसं मिसळतात. नेमकं कधी मिसळायला लागतात? किती गरम झाल्यावर?"

"मिसळतात हे माहीत आहे, काका. जुनी गोष्ट आहे."

"ते झालं. पण खिडकीतून बघत, एक एक अंश चढवत, कोणी बसलंय का? ते टेंगूळ काही एकदम येत नाही. मी बघितलंय. आधी दबकत येतं. नवीन जावयासारखं."

मी वर पळाले. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. मी काकांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, जावयासकट. मॅडमनी पर्स खाली ठेवली.

निरनिराळी शुद्ध तेलं मोजून घालायची, आणि पाणी त्यांना कोणत्या क्षणी आपलं म्हणतं ते प्रकाशातून बघायचं. सहा महिन्यांत होण्यासारखं होतं. दुसऱ्याच सोमवारी सुरू केलं. काका ठरल्या दिवशी निवृत्त झाले. हार, भाषणं, घड्याळ भेट. एकतीस वर्षांनंतर घड्याळ देतात, तेही घड्याळवाल्याच्या चेल्याला! आणि एक तारखेला सकाळी नऊ वाजता ते तळघरात हजर.

"तुझ्या काकूंनी पाठवलं," ते म्हणाले. "घरातली सगळी झाकणं सैल करून झाली."

पुढचे सहा महिने प्रत्येक कडी त्यांनीच बसवली, सेल उलटा करून. प्रत्येक प्रयोगाच्या आधी ते विचारायचे, "नुसत्या पाण्याची फेरी झाली?" आणि मी हो म्हटल्याशिवाय पाना हातात घ्यायचे नाहीत. आज माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे त्या फेरीला 'काकांची फेरी' म्हणतात. नव्या मुलांना कारण माहीत नसतं, पण फेरी कोणी चुकवत नाही.

माझ्या प्रबंधाचा उगम कुठे झाला हे मी आभाराच्या पानावर खरं खरं लिहिलं होतं. मॅडमनी 'नाक' हा शब्द लाल शाईनं खोडला आणि समासात लिहिलं, "तोंडी परीक्षेत सांग."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. गंभीर गृहस्थ. दीड तास त्यांनी मला पिळून काढलं, आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "काम चांगलं आहे. पण हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा? मूळ विषय तर वेगळाच होता."

मी मागच्या रांगेकडे बघितलं. काका इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. घाबरले की त्यांचं बोट आपोआप नाकाच्या डाव्या बाजूकडे निघतं, तसं ते निघालेलं होतं. अर्ध्या वाटेत काकूंनी त्यांचा हात धरला आणि खाली आणून आपल्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला.

"सर," मी म्हटलं, "ज्यांनी खिडकी बसवली, त्यांनी विचारला होता. ते मागे बसलेत. त्यांनी सांगितलं नसतं तर मी आज इथे उभी राहून तुम्हाला एक खोटी गोष्ट अगदी खऱ्या मनानं सांगत असते."

परीक्षक मागे वळले, आणि मग, का कोण जाणे, उठून उभे राहिले.

काकाही उठले. त्यांना वाटलं, पाहुणे सेल बघायला उठलेत, हात धुवायला सांगायची वेळ झाली.